मुलांना पुस्तक शेवटापर्यंत वाचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मागच्या रविवारच्या अंकात एका पालकांचे पत्र वाचले. आठवीतल्या त्यांच्या मुलाने शाळेच्या ग्रंथालयातून गिर्यारोहणावरची एक कुमार कादंबरी आणली, चार दिवसांत निम्मी वाचली आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी तो कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर अर्ध्या उंचीवर सापडला. त्याला खाली उतरवल्यावर त्यांनी पुस्तक काढून घेतले आणि शाळेला परत केले. असली पुस्तके शाळांच्या कपाटांत ठेवूच नयेत, अशी त्यांची मागणी आहे.

पत्र वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही. त्या आईवडिलांना बोल लावण्यासाठी मी हे लिहीत नाही. टाकीखाली उभे राहून पोटच्या पोराचे तळपाय वर पाहायचे, आणि हाक मारली तर तो दचकेल म्हणून हाकही मारायची नाही, ही वेळ कोणावर येऊ नये. तरीही त्यांच्या पत्रातला एक शब्द मला पुनःपुन्हा टोचतो, तो म्हणजे 'निम्मी'. पोराने कादंबरी निम्मी वाचली होती, आणि नेमकी तेवढी झाल्यावर ती त्याच्या हातून गेली.

त्यांच्या वर्णनावरून ओळखू आलेली ती कादंबरी मला पानन् पान माहीत आहे. एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून मे २०१८ मध्ये मी निवृत्त झाले. राहते सोलापूरच्या पूर्व भागात. दर रविवारी सकाळी माझ्या व्हरांड्यात सातवी ते नववीची दहा-बारा मुले वाचायला येतात. बहुतेकांच्या घरी यंत्रमागाचे काम, नाहीतर आई विड्या वळणारी. शाळेत मराठी, घरात तेलुगू किंवा कन्नड, आणि भांडताना तिन्ही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर सुरू करून जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आम्ही हीच कादंबरी वाचली. मूळ इंग्रजी आहे, म्हणून मी समोर धरून मराठीत सांगत जायची. तिचे नाव मी इथे देत नाही. त्या पालकांनीही दिले नव्हते, आणि माझे म्हणणे एका पुस्तकापुरते नाही. चौदा वर्षांचा मुलगा, एव्हरेस्ट, तिबेटची बाजू, एवढे सांगितले तरी पुरे. शेवट सांगणार नाही. फक्त इतके सांगते की पहिल्या निम्म्या भागात जी झिंग आहे तिचा हिशेब दुसऱ्या निम्म्या भागात होतो. टाकीवर चढलेल्या मुलाच्या वाट्याला झिंग आली आणि हिशेब राहून गेला.

आमच्या मुलांना डोंगर माहीत नाही, हे बाहेरच्या वाचकांना पटकन लक्षात येणार नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर, आणि चहूकडे ताटासारखा सपाट मुलूख. किल्ला म्हणजे आमच्यासाठी भुईकोट: खंदक, बुरूज, बाग. सहलीला नेले तर नळदुर्ग नाहीतर परंडा, तेही जमिनीवरचेच. उंच म्हणजे काय असे विचारले तर मुले गिरणीची चिमणी सांगतात, नाहीतर विमानतळाच्या वादात जून २०२३ मध्ये पाडली गेलेली साखर कारखान्याची चिमणी. ती पडताना त्यांनी गच्चीवरून, मोबाइलवरून पाहिली आहे. अशा मुलांपुढे ८,८४८ मीटर हा आकडा फळ्यावर लिहिला तर तो वहीत उतरतो आणि तिथेच राहतो. एकतीस वर्षे मी तो तसाच लिहीत आले.

कादंबरीत मात्र तो आकडा जिवंत होतो. तिबेटच्या बाजूने बेस कॅम्पपर्यंत गाडी जाते, म्हणजे पाच हजार मीटरच्या वर माणूस बसल्या जागी पोहोचतो, आणि तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त. चार पावले टाकली की धाप लागते, डोके ठणकते, अन्न नकोसे होते. मग त्या मुलाला वरच्या तळावर नेतात आणि परत खाली आणतात. पुन्हा वर, पुन्हा खाली. माझ्याकडच्या एका मुलाला हे अजिबात सहन होईना. "ओ बाई, वर गेलाय की एवढं, मग परत खाली का यायलाय?" मी सांगितले की शरीराला विरळ हवेची सवय करायला वेळ लागतो, रक्तात बदल व्हावा लागतो, म्हणून उंच चढायचे पण निजायला खाली यायचे. हे पाठ्यपुस्तकातले वाक्य झाले. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "नवा माठ आणला की आधी भिजत घालतेत, मग भरतेत. तसंच की रे." विरळ हवेशी जुळवून घेणे इतके नेमके मला कधी सांगता आले नव्हते.

वाचताना मला सगळ्यात आनंद शब्दांचा झाला. भाषांतर करताना अडेन असे वाटले होते. पण आपल्या सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी, आणि त्यांच्या कितीतरी आधी तिथल्या गुराख्यांनी, वाटाड्यांनी, हे शब्द पायांनी घडवून ठेवलेले आहेत. डोंगराची धार, सोंड, पदर, नाळ, खिंड, कडा, कातळ. पाय ठेवताच निसटणारी खड्या-मातीची उतरण म्हणजे घसारा. एका बाजूला काहीच नाही आणि नजर खाली गेली की पोटात गोळा येतो, ते दृष्टिभय. 'दृष्टिभय' हा शब्द मुलांनी असा उचलला की नंतर आठवडाभर गणिताच्या पेपराचेही दृष्टिभय झाले होते. बर्फाच्या काही गोष्टींना मात्र आपल्याकडे सोपा शब्द नाही, तिथे मी क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे खिळे), जुमार (दोरावर चढायची पकड) असेच म्हणत गेले. मुलांना त्याचे काही वाटत नाही. मागावरचे जॉबर, बॉबिन, शटल हे शब्द ऐकत वाढलेली मुले आहेत ती.

आता दोराचे सांगते. या कादंबरीने आमच्या घरात खरी जागा केली ती दोराने.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो आणि रविवारी कड्यांवर प्रस्तरारोहण करतो. त्याच्याकडून मी बाद झालेल्या दोराचा दोन हातभर तुकडा मागवला. चढाईच्या दोराचे वय मोजतात. फार वापरला, मोठा झटका बसला किंवा वरचे आवरण फाटले की तो बाद, मग वरून कितीही धडधाकट दिसो. हा दोर दोन भागांचा असतो: आत पिळाच्या पांढऱ्या शुभ्र लडी आणि त्यांच्यावर रंगीत विणीचे आवरण. ज्या १९५३ साली एव्हरेस्ट सर झाले त्याच साली या रचनेचा दोर जर्मनीत तयार झाला. वजन पेलण्याचे बरेचसे काम आतल्या लडी करतात आणि बाहेरची वीण त्यांना खडकाच्या धारेपासून जपते. चढणारा पडला की दोर थोडा लांबतो आणि झटका आपल्या पोटात घेतो. लांबला नाही तर तोच झटका माणसाच्या कमरेत बसेल.

एका मुलीने तो तुकडा घरी नेला. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. दुसऱ्या रविवारी ती निरोप घेऊन आली: "अप्पा म्हणालेत, हे मागावरचं नव्हे. हे वेणीसारखं गुंफलंय, नाडीच्या मशीनवर होतंय तसं. पण धागा लई भारी आहे म्हणे." पुढच्या रविवारी अप्पा स्वतः आले. व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी मुलांना तुटलेला धागा सांधायची गाठ करून दाखवली. माग चालू असताना डोळ्याचे पाते लवते न लवते तोवर मारायची, आणि फणीत अडकू नये इतकी बारीक. त्यावर मुलांनी त्यांना आठाची गाठ शिकवली. कादंबरीतला मुलगा कमरेला बांधतो तीच. पन्नाशीचा कामगार आणि तेरा वर्षांची पोरे एकमेकांची गाठ तपासत बसलेली होती. एका साहसकथेने हे घडवले, आणि आज अशीच पुस्तके बाहेर काढा असे कोणी म्हणते तेव्हा मला तो व्हरांडा आठवतो.

गाठ 'तपासत' म्हणाले ते मुद्दाम. चढाईत ही रीतच आहे. स्वतः कितीही तरबेज असा, तुमची गाठ जोडीदार पाहतो आणि त्याची तुम्ही पाहता, त्याशिवाय कातळाला हात लावायचा नाही. खाली दोर धरून बसलेल्याला बिले देणारा म्हणतात. त्याचे नाव बातमीत येत नाही आणि फोटोतही तो नसतो, पण वरच्याचा जीव त्याच्या मुठीत असतो. आमच्या मुलांना हे सांगावे लागले नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्यांनी लहानपणापासून पाहिले आहेत. सात नंदीध्वज निघतात, एक जण पेलतो आणि भोवतीने किती हात तयार असतात. कोणी एकदम येऊन काठी उचलत नाही. महिनोन् महिने आधी सराव असतो, मानकऱ्यांची नजर असते. तेव्हा आपण मुलांना म्हणत नाही की उंच काठी बघू नका, अंगात येईल. उलट खांद्यावर बसवून दाखवतो.

टाकीवर चढलेल्या मुलाजवळ दोर नव्हता, जोडीदार नव्हता, गाठ तपासणारे कोणी नव्हते. म्हणजे गिर्यारोहणातले काहीच त्याच्याजवळ नव्हते, उंची तेवढी होती. ही बाकीची सगळी शिदोरी त्याला ज्या पुस्तकात मिळाली असती ते आपण उचलून नेले.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ती मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये माझ्या तेव्हाच्या शाळेची सहल मी तोरण्याला नेली. सव्वीस मुले आणि आम्ही तीन शिक्षक. कडक भाकरी, शेंगाची चटणी, प्लास्टिकचे रेनकोट. दोर नाही, बरोबर वाटाड्या नाही. वेल्ह्यातून निघालो तेव्हा निम्म्या डोंगरावर ढग बसला होता. वाटेत गुरे वळणारे एक म्हातारे भेटले. "बाय, पोरं घिऊन वर जाऊ नगा आज, वाट दिसायची न्हाय," असे ते म्हणाले. मी थांबले, मागे पाहिले. रात्रभर एसटीत बसून अडीच-तीनशे किलोमीटर आलेली मुले. पालकांनी पैसे भरलेले. गडाखालून परत गेलो असे शाळेत कसे सांगायचे? मी त्यांना नमस्कार केला आणि निघाले.

गड आम्ही चढलो. बिनी दरवाजात मुलांनी गर्जना केल्या. वर धुक्यात काही दिसले नाही. उतरताना, जिथे गवत आणि घसारा एकत्र येतो अशा जागी, नववीतला एक मुलगा घसरला आणि पंधरा-वीस फुटांवर एका झुडपात अडकला. ते झुडूप तिथे नसते तर काय झाले असते, ते मी आजही रात्री जागेपणी पाहते. त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. चादरीत घालून आम्ही त्याला आणला, वेल्ह्यात पोहोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले. तेच म्हातारे कंदील घेऊन वाटेत उभे होते. एक शब्द बोलले नाहीत, पुढे होऊन चादरीचे एक टोक त्यांनी धरले.

तो मुलगा बरा झाला, आज त्याचे स्वतःचे दुकान आहे. शाळेच्या वार्षिक अहवालात मात्र मी लिहिले, 'तोरणा सहल यशस्वी.' वाचताना टाळ्या पडल्या. मी ते वाक्य खोडले नाही, कारण माझ्या डोक्यात यशस्वी म्हणजे वर पोहोचणे हेच होते. मला तरी दुसरे काय माहीत होते? लहानपणापासून जे वाचले त्यात मावळे कडा चढून जात, झेंडा लागे, गोष्ट संपे. मागे फिरलेल्या माणसाची, आणि तरीही ताठ मानेच्या माणसाची गोष्ट मी बारा-तेराव्या वर्षी वाचली असती, तर त्या म्हाताऱ्यांचे ऐकण्याचे बळ मला मिळाले असते, असे मला मनापासून वाटते.

गोष्टी नव्हत्या असे नाही, मला त्या कोणी सांगितल्या नाहीत. तेनझिंग नोर्गे यांचे नाव प्रत्येक मुलाला पाठ असते. पण मे १९५२ मध्ये ते स्विस गिर्यारोहक रेमंड लॅम्बर्ट यांच्याबरोबर सुमारे ८,५९५ मीटरपर्यंत पोहोचले होते, तोवर कोणी चढले नव्हते इतके उंच, आणि शिखर अडीचशे मीटर राहिलेले असताना दोघे मागे फिरले, हे किती मुलांना ठाऊक आहे? प्राणवायूची उपकरणे नीट चालत नव्हती, अंगात त्राण नव्हते. दोघे फिरले म्हणून दोघे जगले. पुढच्या वर्षी २९ मे १९५३ ला हिलरींबरोबर तेनझिंग माथ्यावर उभे राहिले तेव्हा त्यांच्या गळ्यात लॅम्बर्टने दिलेला लाल रुमाल होता. हे मी सांगितले तेव्हा व्हरांड्यात बराच वेळ कोणी बोलले नाही.

आणि ज्या १९९६ च्या ऑगस्टमध्ये मी तोरण्यावर हट्टाने गेले, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्टवर १० आणि ११ तारखेच्या वादळात आठ गिर्यारोहक गेले. त्यांतले तिघे आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे. शिखराच्या दिवशी दुपारी अमुक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचे, असा तिथला दंडक असतो. वेळ टळून गेल्यावरही त्या दिवशी काही जण वर चढत राहिले. त्यांच्यात जगातले नावाजलेले वाटाडे होते. मी हे बऱ्याच वर्षांनी वाचले आणि पुस्तक मिटून बसून राहिले. इतक्या दूर आलो, आता कसे फिरायचे, हा विचार तिथेही तोच होता.

मुलांची स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट सांगते. तेम्बा त्सेरी हा नेपाळचा शाळकरी शेर्पा मुलगा. २००० साली तो एव्हरेस्टवर गेला, शिखराच्या अगदी जवळून त्याला परतावे लागले, आणि वाटेत बुटाची नाडी बांधायला त्याने हातमोजे काढले तेवढ्यात बोटांना हिमदंश झाला. पाच बोटे गेली. पुढच्या वर्षी, सोळाव्या वर्षी, तो पुन्हा गेला आणि शिखरावर पोहोचला. ही गोष्ट ऐकून कोणी उठून टाकीवर चढले नाही. सगळ्यांनी आपापल्या बोटांकडे पाहिले. एकाने विचारले, "बाई, नाडी आधीच घट्ट बांधली असती तर?" सहासात वाक्यांच्या गोष्टीतून आठवीतला मुलगा नेमका तिथे पोहोचला. नेपाळ सरकार सोळा वर्षांखालच्यांना एव्हरेस्टचा परवाना देत नाही, यावरही आमच्यात चांगले भांडण झाले. मुली म्हणाल्या नियम बरोबर आहे, मुलगे म्हणाले नाही. एकीने मात्र दोन्हीकडे मान हलवली नाही. तिला पूर्णा माहीत होती.

मालावत पूर्णा. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची, शेतमजुरांची मुलगी, तेलंगणच्या समाजकल्याण निवासी शाळेत शिकणारी. २५ मे २०१४ रोजी ती तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचली तेव्हा तिला चौदावे वर्ष पुरे व्हायला काही दिवस बाकी होते. तिच्याबरोबर आनंदकुमार हा तशाच शाळेतला थोडा मोठा मुलगा. दोघांचे पहिले धडे झाले भोंगीरच्या कातळावर. आणि भोंगीर आमच्या पूर्व भागातल्या घराघरात माहीत आहे, संपादक महाराज! वरंगळला मामाकडे, आजीकडे जाताना हैदराबाद सोडले की रेल्वेच्या खिडकीतून जो उघडाबोडका, अंड्यासारखा प्रचंड दगड दिसतो, माथ्यावर किल्ला असलेला, तोच. ती मुलगी म्हणाली, "बाई, तो गुंडू मी बघितलेय, दर उन्हाळ्यात बघते." तिच्या आवाजात जे होते ते मला नीट सांगता येत नाही. एव्हरेस्ट नेपाळात असते, पुस्तकात असते. पण जिथून त्याची सुरुवात झाली ती जागा तिच्या खिडकीबाहेरून जात होती.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. मे २०१८ मध्ये, मी निवृत्त झाले त्याच महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले 'मिशन शौर्य' मोहिमेत एव्हरेस्टवर पोहोचली. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या, सत्कार झाले. त्यानंतर? मी वाट पाहिली. आश्रमशाळेच्या पडवीतून निघून बर्फापर्यंत जाणाऱ्या मुलांची एखादी मराठी कुमार कादंबरी येईल असे वाटले. ज्यांची निवड झाली नाही त्यांचे काय झाले, पहिल्यांदा थंडीचे बूट घातले तेव्हा काय वाटले, घरच्यांनी काय सांगून पाठवले, कोण कुठून मागे फिरले. माझ्या पाहण्यात तरी तशी कादंबरी आलेली नाही. मोठ्यांसाठी मराठीत डोंगरांवर भरभरून लिहिले गेले आहे, आणि लिहिणारे स्वतः चढणारे आहेत. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना मात्र आपण एकतर शिवकालीन शौर्य देतो, नाहीतर गुप्तहेर. म्हणून मला चौदा वर्षांच्या परक्या मुलाची गोष्ट समोर धरून मराठीत सांगावी लागते.

गिर्यारोहण करणाऱ्या लेखकांना माझी हात जोडून विनंती आहे की मुलांसाठी लिहा, आणि खरे लिहा. पायाला आलेले फोड लिहा. ओल्या कातळाचा वास, दोर ओढताना तळहाताला येणारी धग, पोटदुखी, घरची आठवण, तंबूतले भांडण. बिले देणाऱ्याला नायक करा एकदा. ज्या मुलीला उंचीवर गरगरते तिला गोष्टीत घ्या आणि तिला शिखरावर नेऊन बरी करू नका. आणि किमान एकाला तरी माघारी फिरू द्या, आणि त्याची मान खाली घालू नका. आपल्याकडे याची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. हिरकणीची गोष्ट घ्या. रायगडाचा कडा आणि तान्ह्या बाळाची आई आपण शाळेत शिकवतो. पण ती गोष्ट चढण्याची नाही, उतरण्याची आहे. अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेल्या कड्याच्या गोष्टीत शिखर नाहीच, खाली घर आहे. मुलांना मी हे दाखवले तेव्हा त्यांच्याइतकीच मीही चकित झाले, कारण इतकी वर्षे माझ्याही ते लक्षात आले नव्हते.

ग्रंथपालांना आणि मुख्याध्यापकांना एवढेच सांगते: तक्रार आली म्हणून पुस्तक कपाटाआड ठेवू नका. शक्य असेल तर ते वर्गात मोठ्याने वाचा, म्हणजे कोणी निम्म्यावर सोडून जाणार नाही. आणि महापालिकेला जमले तर पार्क मैदानाच्या एका कोपऱ्यात चढाईच्या सरावाची एक लहानशी भिंत उभारावी, खाली गाद्या आणि शिकलेला प्रशिक्षक. हा खेळ आता ऑलिम्पिकमध्ये आहे. ज्या मुलांचे हात चढायला शिवशिवतात त्यांना टाकीच्या शिडीशिवाय दुसरी जागा या शहरात आज तरी मला दिसत नाही.

त्या पालकांशी मला वाद घालायचा नाही. त्यांची भीती खरी आहे, आणि ती किती खरी आहे हे तोरण्याच्या त्या उतारावर मला कळले आहे. त्यांना एकच सांगणे आहे. आमची मुले यंदा ही कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसली आहेत, त्यांनीच हट्ट धरला. दर रविवारी सकाळी साडेसातला सुरुवात करतो, ऊन तापायच्या आत दहाला उठतो. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. मुलाला घेऊन या, आणि जमले तर तुम्हीही पायरीवर बसा, अप्पा बसतात तसे. सध्या गोष्ट बेस कॅम्पला पोहोचते आहे. म्हणजे तुमच्या मुलाच्या हातून पुस्तक गेले ते पान येत्या दोन-तीन रविवारांत येईल.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर